साखळीमागे चार बोटं

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुमच्या हातात एक लोखंडी साखळी आहे. दाराची नाही, कुत्र्याच्या गळ्यातली नाही, जमीन मोजायची. तिला शंभर लांबट कड्या आहेत, दोन्ही टोकांना पितळी मुठी आहेत, आणि पुरती उलगडली की ती वीस मीटर भरते. एक मूठ तुमच्या हातात आहे. दुसरी मूठ घेऊन कुणीतरी पुढे गेलंय. मध्ये झुडपं आली, त्याचं तोंड दिसेनासं झालं. हाक मारावी तर वारा शब्द उडवून नेतोय. मग काय करायचं? साखळीला एक हिसका द्यायचा, अगदी हलका. त्याचा अर्थ, ‘आहेस ना तिथे?’ पलीकडून दोन हिसके आले की समजायचं, माणूस जागेवर आहे. ते येईपर्यंत आपण पाऊल हलवायचं नाही.

बारकीला हे चालता-बोलता यायला लागल्यापासून ठाऊक होतं. ती आता अकरा वर्षांची होती, तरी घरात सगळ्यांत शेवटची म्हणून बारकीच राहिली होती. तिचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, सरकारी मोजणीदार होते. एकतीस वर्षं त्यांनी शेतं, रस्ते, कुंपणं मोजली, आणि एकतीस वर्षं एकाच साखळीने मोजली. नवी साखळी मागितली की कचेरीतून उत्तर यायचं, आहे ती तुटली का? ती कधी तुटली नाही. निवृत्तीच्या दिवशी ती भंगारात निघाली, तेव्हा आजोबांनी साहेबांना हार नको म्हणून सांगितलं आणि साखळी मागून घेतली.

घरांच्या रांगेमागे एक मोकळी, ओबडधोबड जागा होती. तिथे रोज संध्याकाळी पाच वाजता आजोबांचा वर्ग भरायचा. पाटी नाही, फळा नाही. साखळी, तिच्या टोकाशी खूण म्हणून जमिनीत रोवायच्या दहा सळ्या आणि एक वही. आजोबा म्हणायचे, “डोळे थापा मारतात, पाय दमले की खोटं बोलतात. साखळीला मात्र पोटात काही ठेवता येत नाही.” त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते बारकीच्या ताईला आणि समोरच्या बेकरीवाल्याच्या मुलाला. त्या मुलाला सगळे चष्मिष म्हणायचे. चष्मा येण्याआधी तो दोनदा सळी समजून शेजाऱ्यांच्या पपईच्या रोपाला साखळी लावून आला होता, म्हणून त्याला चष्मा लागला तेव्हा सगळ्या गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. ताई आणि चष्मिष मोठे झाले, त्यांच्यामागे दुसरी पोरं आली, आणि आता बारकीची पाळी होती.

आजोबांचा एक नियम होता. मोजून झालं की जितक्या साखळ्या भरल्या, तितके वेळा चार बोटं जास्त धरायची. चार बोटं म्हणजे सात सेंटीमीटर, तेही त्यांनीच मोजून दिलं होतं. का धरायची हे कुणी विचारलं नाही. मुठीत मूठ धरून शिकवणाऱ्या माणसाला कुणी का विचारत नाही. पोरं एका सुरात म्हणायची, “साखळीमागे चार बोटं,” आणि उत्तर मांडायची. आजोबा वहीवर बरोबरची खूण करायचे.

ताई आणि चष्मिष दोघंही पुढे एकाच विद्यापीठात स्थापत्य शिकायला गेले. तिथे साखळीला कुणी हात लावत नव्हतं, तिथे तीन पायांवर उभी राहणारी यंत्रं होती. पुस्तकात साखळीवर अडीच पानं होती. पण शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत कुणा जुन्या वळणाच्या शिक्षकाने एक प्रश्न घातला. शेताची एक बाजू पंधरा साखळ्या, दुसरी नऊ, क्षेत्रफळ काढा. बाकांवर आकडे लावून ठेवलेल्या खोलीत ताई पुढच्या बाकावर होती, चष्मिष तिच्या बरोबर मागे. साखळी हा शब्द दिसला आणि दोघांचे हात दहा वर्षांपूर्वीच्या संध्याकाळी परत गेले. पंधरा साखळ्यांचे तीनशे मीटर व्हायला हवेत. दोघांनीही लिहिलं, तीनशे एक मीटर पाच सेंटीमीटर. वरचे एकशे पाच सेंटीमीटर कुठून आले, याचा दोघांच्याही उत्तरपत्रिकेत एक शब्द नव्हता.

महिन्याभराने तपकिरी पाकीट आलं. आई रुग्णालयातल्या पाळीवरून नुकतीच आली होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. तिने पाकीट फोडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. पाकिटातल्या कागदाची भाषा अशी होती की वाचणाऱ्याला आपण आधीच गुन्हेगार आहोत असं वाटावं. लागोपाठच्या दोन आसनांवरील उत्तरपत्रिकांत एकच चुकीचा व निराधार आकडा आढळला आहे. सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. त्यानंतर शिस्तपालन समितीपुढे सुनावणी होईल. सोबत एक व्यक्ती आणता येईल, तिला बोलता येणार नाही. तोवर निकाल राखून ठेवला आहे, आणि शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेलाही बसता येणार नाही.

मुलांनो, शिस्तपालन समिती म्हणजे काही राक्षस नव्हेत. ती तीन माणसं असतात, त्यांना चष्मे असतात, त्यांचाही चहा गार होतो. पण त्यांच्यापुढे जे येतं ते कागदावर येतं, आणि कागदावर जे नाही ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसतं. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ताईने कागद हातात घेतला, आकडा पाहिला, आणि बारकीने तिचा चेहरा उतरताना पाहिला. ताईने स्वतःशी बोटांवर हिशेब केला आणि नजर वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर आजोबा खाली बसून साखळीची एकेक कडी तेलाच्या फडक्याने पुसत होते.

सात दिवस ताईने खुलासा लिहिला आणि फाडला. आई विचारायची, तर ती म्हणायची बघते. सहाव्या दिवशी चष्मिष आला. दोघं जिन्यात बसले, आणि वरच्या वळणावर बारकी गुडघ्यात तोंड घालून बसली होती, ते त्यांना दिसलं नाही.

चष्मिष म्हणत होता की यात लपवण्यासारखं काय आहे. एका माणसाने दोघांना शिकवलं, दोघांनी तेच लिहिलं. आजोबांना चिठ्ठी लिहायला सांगू, संपलं. ताई म्हणाली, आजोबांना काय सांगायचं? तुम्ही शिकवलंत ते चूक होतं? त्यांची ती साखळी वापरून वापरून लांबली होती, म्हणून ते चार बोटं वाढवायचे. ते त्या साखळीपुरतं बरोबर होतं. पण आपल्याला त्यांनी ते नियम म्हणून शिकवलं, आणि गेली दहा-बारा वर्षं गल्लीतल्या प्रत्येक पोराला शिकवतायत. त्यांना हे कळलं तर ते उद्या पाच वाजता बाहेर येणार नाहीत. कधीच येणार नाहीत.

“आणि माझं वर्ष?” चष्मिष म्हणाला.

ताई म्हणाली, “आजोबांचं नाव घ्यायचं नाही. मी तुझ्याकडे एवढंच मागते.”

“तू नेहमी एवढंच मागतेस,” तो म्हणाला, “आणि ते एवढंच नेहमी माझ्या अंगावरून जातं.” पण तो उठला, चष्मा पुसला आणि हो म्हणाला. जाताना त्याने जिन्यातल्या बारकीला पाहिलं. त्याच्या पाहण्यावरून ताईने वर पाहिलं. तिने बारकीला खाली बोलावून घेतलं आणि आजोबांना यातलं काही सांगायचं नाही, असं तिच्याकडून वचन घेतलं. बारकीने दिलं.

ताईच्या खुलाशात एक ओळ होती. ‘मी कॉपी केलेली नाही.’ चष्मिषच्या खुलाशातही तीच, फक्त त्याचं अक्षर वाईट होतं.

आता तुम्ही सांगा, अकरा वर्षांच्या पोरीने काय करावं? एकीकडे ताईचं वर्ष. दुसरीकडे आजोबा. मध्ये दिलेलं वचन. बारकी दोन दिवस नीट जेवली नाही. आईला वाटलं हिला ताप येतोय.

सुनावणीच्या आदल्या दिवशी पाच वाजता वर्ग भरला. पोरांनी कुंपणाची लांबी मोजली, सहा साखळ्या. सगळे एका सुरात म्हणाले, साखळीमागे चार बोटं. बारकी म्हणाली नाही. आजोबांनी भुवया उंचावल्या.

बारकीने वचन मोडलं नाही, एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, “आजोबा, पुस्तकातल्या साखळीलाही चार बोटं धरायची का?”

“कुठल्या पुस्तकातल्या?”

“ताईच्या.”

आजोबांनी मान हलवली, नाही धरायची, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. त्यांनी हातातल्या साखळीकडे पाहिलं. मग पोरांकडे, एकेकाच्या तोंडाकडे, जणू मोजत होते. मग त्यांनी पोरांना सांगितलं की आज पुरे, घरी जा. पोरं आनंदाने ओरडत पळाली. त्या दिवशी साखळी गुंडाळायला आजोबांना फार वेळ लागला, कडीवर कडी नीट बसेचना.

त्यांनी बारकीला आणखी काही विचारलं नाही. आईला मात्र सगळं विचारलं, आणि आईकडून तो तपकिरी कागद मागून घेऊन दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी आई ताईबरोबर सुनावणीला गेली. त्या दोघी आधीच्या बसने गेल्या. आजोबांनी इस्त्रीचा सदरा घातला, साखळी पिशवीत भरली आणि बारकीला म्हणाले, चल. पिशवीचं ओझं इतकं होतं की दोघांनी एकेक बंद धरला, तरी दर थांब्यावर हात बदलावा लागला.

विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबच लांब मार्गिका होती, दोन्ही बाजूंना बंद दारं, भिंतीला टेकून लाकडी बाकं. शेवटच्या दाराबाहेर समितीचा कारकून टेबल लावून बसला होता. केसांना भरपूर तेल, कानामागे पेन्सिल. आत सुनावणी सुरू झाली होती. आजोबांनी आपण कोण ते सांगितलं आणि आत जाऊ द्या म्हणाले. कारकुनाने कागद चाळले. तो उद्धट नव्हता. त्याने सांगितलं की सोबतीची एक व्यक्ती आत गेलेली आहे. साक्ष द्यायची असेल तर तिचं लेखी निवेदन खुलाशासोबत यायला हवं होतं, आणि खुलाशात तर एकच ओळ आहे.

“मी ती साक्ष घेऊन आलोय,” आजोबा म्हणाले आणि पिशवी दाखवली.

“आजोबा, इथे फक्त कागदाला तोंड आहे,” कारकून म्हणाला. “लोखंडाला नाही.”

आजोबांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, इथे मोजणीची प्रयोगशाळा असेल ना, तिथून पोलादी फीत मिळेल का, वीस मीटरची. कारकुनाने भिंतीवरचं घड्याळ पाहिल्यासारखं केलं, कानामागची पेन्सिल काढून परत लावली, आणि खरंच उठून खालच्या मजल्यावरून फीत घेऊन आला. आजोबांनी गुडघ्यावर बसून फीत मार्गिकेत पसरली. बारकीने दुसरं टोक धरलं. त्याच्या शेजारी साखळी पसरली. शंभर कड्या फरशीवर खळखळत गेल्या आणि एका दारातून कुणीतरी डोकावून श्श म्हटलं. आजोबांनी एक हिसका दिला. बारकीने दोन दिले.

फितीचा वीसचा आकडा जिथे होता, तिथून साखळीची मूठ पुढे गेली होती. आजोबांनी तिथे आपला हात आडवा ठेवला. चार बोटं बरोबर बसली.

कारकून वाकून पाहत होता. तो हळूच म्हणाला, “दिसतंय मला. पण मी फक्त इतिवृत्त लिहितो.” तरीही तो आत गेला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि समितीच्या अध्यक्षबाई बाहेर आल्या. पांढरे केस, साधी साडी, हातात अजूनही पेन. त्यांनी फीत पाहिली, साखळी पाहिली, फरशीवर टेकलेला म्हातारा पाहिला. त्यांच्या मागून ताई बाहेर आली. चष्मिष आला, आई आली.

ताईने आजोबांना तसं गुडघ्यावर पाहिलं आणि भिंतीला हात टेकला.

“कशाला आलात, आजोबा?”

“शिकवताना एक वाक्य सांगायचं राहून गेलं होतं,” आजोबा म्हणाले. “चार बोटं या साखळीची आहेत, सगळ्या साखळ्यांची नाहीत. मी एकतीस वर्षं हीच धरली गं, मला दुसरी असते हेच आठवलं नाही.” मग ते थांबले. “चूक माझी. तू ती लपवायला गेलीस आणि ती तुझ्या नावावर चढली.”

अध्यक्षबाई खाली बसल्या, आजोबांच्या बोटांशेजारी त्यांनी आपली बोटं ठेवून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर बारकीला काहीतरी मऊ दिसलं. पण उठून उभ्या राहिल्या तेव्हा त्या पुन्हा समिती झाल्या होत्या. त्यांनी ताईला विचारलं, हे सात दिवसांत का लिहिलं नाहीस? ताईने आजोबांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या की आजचा निर्णय आजच्या कागदांवर द्यावा लागेल, तसा नियम आहे, नाहीतर उद्या दुसरं कुणी वेगळं काही आणेल. पंधरा दिवसांत अपील करा. त्यात हे सगळं लिहा, मोजून, सहीने. मग त्यांनी आजोबांना हात देऊन उठवलं आणि आत गेल्या.

त्या दिवशी दोघांची संपूर्ण परीक्षा रद्द झाली.

अपील केलं. आजोबांनी निवेदन स्वतःच्या अक्षरात लिहिलं, मोजणीच्या अहवालासारखं, खाली निवृत्त मोजणीदार म्हणून सही करून. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. कॉपीचा आरोप मागे घेतला होता. त्या एका प्रश्नाला शून्य गुण दिले होते, बाकी परीक्षा ग्राह्य धरली होती. पण शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा तोवर होऊन गेली होती. ती वर्षातून एकदाच व्हायची. कुणी वाईट वागलं नव्हतं, आणि ताईचं आणि चष्मिषचं वर्ष गेलं होतं.

चष्मिष बापाच्या भट्टीवर उभा राहू लागला, पहाटेपासून पीठ मळायला. ताईला पाव बांधून देताना तो फार कमी बोलायचा. ताई एका ठेकेदाराकडे नकाशे काढायला जाऊ लागली. बारकीशी ती रागाने वागत नव्हती. ती फक्त तिच्याशी बोलत नव्हती, वेणी घालून द्यायची, पण पाठीमागून, गप्प. एकदा बारकीने धीर करून म्हटलं, “मी सांगितलं नव्हतं ताई, मी विचारलं होतं.” ताईचा हात थांबला. “माहितीये,” ती म्हणाली, आणि वेणीला रबर लावलं. “तू आधी विचारायला हवं होतंस, आम्ही सगळ्यांनीच.” मग तिने बारकीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली, थोडा वेळ, आणि कामावर गेली.

आजोबा मात्र पाच वाजता बाहेर आले नाहीत. ताई म्हणाली होती तसंच झालं. पहिल्या आठवड्यात पोरं दाराशी यायची, आत डोकावायची, वर्ग नाही का विचारायची. आजोबा म्हणायचे, अभ्यास करा, पुस्तकातून करा, पुस्तक बरोबर असतं. मग पोरं यायची बंद झाली आणि मागच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळू लागली. साखळी कपाटावर चढली. आजोबा मागच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि चेंडू जाईल तिकडे बघत. आई म्हणायची, बाबा, जरा फिरून या. ते म्हणायचे, येतो, आणि बसून राहायचे. त्यांच्या तळव्याला त्या पितळी मुठीचा जो घट्टा पडलेला होता, त्यावर ते दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत राहायचे.

एक दिवस पाच वाजायला आले असताना बारकीने स्टूल ओढलं आणि कपाटावरून साखळी खाली घेतली. ती एवढी जड होती की शेवटच्या फुटाला ती जमिनीवर आदळलीच. आजोबांनी वळून पाहिलं नाही. बारकीने वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापला, त्याला भोक पाडलं आणि त्यावर जाड अक्षरात लिहिलं, ‘ही साखळी चार बोटं लांब आहे. फक्त हीच.’ मग तो पुठ्ठा दोऱ्याने एका मुठीला घट्ट बांधला.

ती मूठ तिने आजोबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पुठ्ठा वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावून पुन्हा वाचला. मूठ मात्र त्यांनी धरली नाही, ती त्यांच्या मांडीवर तशीच पडून राहिली.

बारकी दुसरी मूठ घेऊन निघाली. चेंडू खेळणारी पोरं थांबली आणि बाजूला झाली. ती ओबडधोबड जागेवरून चालत गेली, पपईच्या झाडापलीकडे, जिथून दारातली खुर्ची दिसत नव्हती. शंभरावी कडी जमिनीवरून उचलली गेली तशी ती थांबली, मागे वळली, पाय रोवले, आणि साखळीला एक हलका हिसका दिला.

मग ती तिथेच उभी राहिली, पाऊल न हलवता.